न्यू जर्सीतल्या घरापुढची हिरवळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. घरी ऊस आणि भुईमूग, त्यामुळे मातीत हात घालायची सवय लहानपणापासूनची. मध्य न्यू जर्सीत घर घेतल्यावर वाटलं, अंगणातलं गवत ते काय, आपोआप येईल. पहिली दोन वर्षं काही केल्या आलं नाही, कारण मी गावाकडचं वेळापत्रक इथे चालवत होते. नवीन घर घेतलेली मराठी मंडळी दर वर्षी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. ही सगळी न्यू जर्सी आणि आसपासच्या हवामानासाठी आहेत. टेक्सासवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळा प्रश्न घेतला आहे.

बी कधी पेरायचं? वसंतात सगळं हिरवं होतं, तेव्हाच ना?

नाही. गणपतीत पेरा.

साधारण २० ऑगस्ट ते सप्टेंबरअखेर हा इथला पेरणीचा मोसम, आणि गणेशचतुर्थी नेमकी त्याच काळात येते. अधिक मासामुळे गणपती मागेपुढे सरकतात, पण या खिडकीबाहेर जात नाहीत. आपल्याकडे मृग लागला की पेरायचं, कारण पाऊस येतो. इथे पावसाळा असा नाहीच. वर्षाला साधारण ४५ ते ५० इंच पाणी पडतं, पण ते बाराही महिन्यांत विभागलेलं. म्हणून इथे पेरणी ठरते ती पावसावर नाही, तापमानावर. सप्टेंबरात जमीन अजून उबदार असते, त्यामुळे बी लवकर उगवतं. हवा गार होत जाते, त्यामुळे कोवळं रोप होरपळत नाही. तणाचा जोर ओसरलेला असतो. पुढे थंडी पडेपर्यंत दोन-अडीच महिने मुळं खाली जायला मिळतात.

मी पहिल्या वर्षी मे महिन्यात पेरलं होतं. दहा दिवसांत पोपटी लव आली, तिचे फोटोही आईला पाठवले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे फक्त तण आणि भेगाळलेली माती उरली. दोन इंच खोल मुळांवर ३३-३४ अंश सेल्सिअसचा उन्हाळा निघत नाही. एप्रिलमध्ये पेरावंच लागलं, म्हणजे नवीन घराभोवती माती उघडी पडली असेल, तर पेरा. पण ती तात्पुरती सोय समजा आणि सप्टेंबरात परत पेरायची तयारी ठेवा.

आपली हरळी इथे का लावत नाहीत? ती तर कशातही तगते.

हरळी, म्हणजेच दूर्वा, इथे बर्म्युडा ग्रास या नावाने ओळखली जाते. तीच वनस्पती. अमेरिकेच्या दक्षिणेत लोक तिची मुद्दाम लागवड करतात. पण ती उष्ण हवामानाची आहे. न्यू जर्सीत पहिल्या कडक थंडीनंतर ती वाळक्या काडीच्या रंगाची होते आणि मेपर्यंत तशीच पडून राहते. म्हणून इथे तिला तण मानतात, आणि एकदा शिरली की ती काढणं किती अवघड असतं हे आपल्याला कुणी सांगायला नको.

इथल्या हिरवळी थंड हवामानाच्या गवतांच्या. मुख्य तीन. टॉल फेस्क्यू: पातं जरा रुंद, मुळं खोल, उन्हाळा सगळ्यांत चांगला सोसतं. केंटकी ब्लूग्रास: मऊ, निळसर हिरवं, जमिनीखालून पसरून रिकाम्या जागा स्वतः भरतं, पण पाणी आणि खत जास्त मागतं. पेरेनियल रायग्रास: आठवड्याभरात उगवतं, पण कडक उन्हाळ्यात दमतं.

माझं मत विचाराल तर दिवसातून पाच-सहा तास ऊन येणाऱ्या अंगणात टॉल फेस्क्यूच लावा, त्यात थोडं ब्लूग्रास मिसळलेलं असेल तर उत्तम. जिला वेळ नाही आणि जिची मुलं दिवसभर अंगणात पळतात, तिच्यासाठी दुसरं गवत नाही.

या गवतांची न्यू जर्सीशी एक जवळीकही आहे. आज जगभर विकल्या जाणाऱ्या गवताच्या कितीतरी वाणांचं पैदासकाम इथल्या रटगर्स विद्यापीठात झालं आहे. तिथले रीड फंक यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या जुन्या हिरवळीतून रायग्रासची टिकून राहिलेली रोपं गोळा केली आणि त्यांतून १९६७ मध्ये ‘मॅनहॅटन’ हा वाण दिला. निवड पद्धतीने वाण काढणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला लगेच कळेल.

दुकानात बियाण्याच्या पंचवीस पिशव्या असतात. कुठली घ्यायची?

पुढचं चित्र बघू नका, मागची चिठ्ठी वाचा. तिच्यावर चार गोष्टी असतात: वाणाचं नाव, उगवणीची टक्केवारी, तणाच्या बियांचं प्रमाण आणि तपासणीची तारीख. तणाचं बी जितकं शून्याजवळ तितकं चांगलं. तपासणी गेल्या वर्षभरातली असावी. ‘अ‍ॅन्युअल रायग्रास’ जास्त असलेली स्वस्त पिशवी घेऊ नका. ते गवत एका मोसमाचं असतं, पुढच्या उन्हाळ्यात जागा पुन्हा रिकामी.

कोऱ्या जमिनीवर १,००० चौरस फुटांना टॉल फेस्क्यू ६ ते ८ पौंड लागतं, ब्लूग्रास २ ते ३ पौंड. आहे त्या हिरवळीत भर घालायची असेल तर याच्या निम्मं.

माती तपासायलाच हवी का?

हवीच. आणि ती जुलै-ऑगस्टमध्येच पाठवा, म्हणजे पेरणीच्या आधी निकाल हातात येतो. रटगर्सची माती तपासणी प्रयोगशाळा आहे, आपल्या काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात तिची माहिती मिळते. अंगणातल्या दहा-बारा जागांवरून पाच-सहा इंच खोलीपर्यंतची माती घ्या, बादलीत कालवा, त्यातली ओंजळभर पाठवा.

आपल्याकडच्या काळ्या मातीचा सामू, म्हणजे पीएच, सात-आठच्या आसपास असतो. त्यामुळे जमिनीत चुना टाकणं ही कल्पनाच देशावरच्या माणसाला नवीन वाटते. कोकणातल्यांना कमी वाटेल. न्यू जर्सीची माती बहुतेक ठिकाणी आम्लधर्मी. गवताला सामू साडेसहाच्या जवळ लागतो. तो साडेपाच असेल तर कितीही खत घाला, मुळं ते नीट उचलत नाहीत. म्हणून अहवालात सांगितलं असेल तेवढा, आणि तेवढाच, शेतीचा चुना पसरायचा. एका वेळी १,००० चौरस फुटांना ५० पौंडांपेक्षा जास्त नको. जास्त लागत असेल तर काही महिन्यांच्या अंतराने दोनदा द्या. परिणाम दिसायला सहा महिने लागू शकतात.

मातीचा पोतही जागेगणिक बदलतो. एडिसन-सॉमरसेटच्या बाजूला शेल नावाच्या लालसर खडकाची चिकण माती, समुद्राकडे आणि दक्षिणेला वाळू. नवीन वसाहतीत वरची चांगली माती बांधकामात निघून गेलेली असते आणि राहिलेली यंत्रांखाली दबलेली. अशा जागी पेरणीआधी कोअर एरेटर एक दिवसासाठी भाड्याने आणा. तो बोटाएवढ्या मातीच्या कांड्या उपसून वर टाकतो. त्या तशाच राहू द्या, पावसाने विरघळतात. शिवाय अर्धा इंच चाळलेलं कंपोस्ट.

पेरणी प्रत्यक्ष कशी करायची?

जुनं गवत दोन इंचांपर्यंत कापून घ्या, वाळलेला पाचोळा दाताळ्याने ओढून काढा आणि जमीन वरवर खरवडा. बी मातीला टेकलं पाहिजे, सगळं यश त्यात आहे. गवताच्या गादीवर पडलेलं बी पाखरं खातात किंवा ते वाळून जातं. मात्र जमीन वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी ठाक, असतानाच काम करा. ओल्या चिकण मातीत पाय घातलात तर विटा तयार होतात.

बी दोन भागांत विभागा. अर्धं उत्तर-दक्षिण फेका, अर्धं पूर्व-पश्चिम, म्हणजे पट्टे पडत नाहीत. मग दाताळं उलटं धरून हलकेच फिरवा. बी पाव इंचापेक्षा खोल जाऊ नये. वरून पीट मॉस किंवा कंपोस्टचा पातळ थर द्या, नाहीतर तण नसलेला पेंढा असा पसरा की खालची माती अर्धी दिसत राहील.

आता धीर. रायग्रास ५ ते १० दिवसांत दिसतं, फेस्क्यू ७ ते १४, ब्लूग्रास दोन ते चार आठवडे घेतं. मी सकाळी चहाचा कप घेऊन पायरीवर उकिडवी बसते आणि डोळे जमिनीच्या पातळीला आणून तिरकं बघते. वरून काळी माती दिसत असते, पण तिरक्या उन्हात केसाएवढ्या पोपटी सुया उभ्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकावर दवाचा एक थेंब. दरवर्षी तो दिवस मला सणासारखा वाटतो.

पाणी किती आणि कधी?

कोवळ्या पेरणीला दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं. वरचा अर्धा इंच वाळता कामा नये, डबकंही साचता कामा नये. उगवण झाली की फेऱ्या कमी करा आणि प्रत्येक वेळी जास्त वेळ द्या.

मुरलेल्या हिरवळीला आठवड्याला पावसासकट एक इंच पुरतं, तेही एक-दोन वेळांत. रोज संध्याकाळी पाइप घेऊन अंगणात उभं राहायची आपली सवय इथे सोडावी लागते. रोजच्या शिंपडण्याने मुळं वरच राहतात, आणि रात्रभर ओलं राहिलेलं गवत बुरशीला बोलावतं. पाणी पहाटे, ऊन चढायच्या आत. एक इंच किती वेळात होतं हे बघायला स्प्रिंकलरखाली दोन-तीन सपाट डबे ठेवा आणि पट्टीने मोजा. माझ्याकडे पाऊण तास लागतो, तुमच्याकडे वेगळा असेल.

जुलैअखेर सगळं पिवळं पडलं. मेलं का?

बहुतेक वेळा नाही. ही गवतं कडक उन्हाळ्यात झोपी जातात. एक मूठ धरून ओढून बघा. मुळं घट्ट असतील आणि बुडाशी पांढरट ओल दिसत असेल, तर जीव आहे. दोन-तीन आठवड्यांनी एकदा अर्धा इंच पाणी दिलंत तरी बुडाची गाठ जिवंत राहते आणि सप्टेंबरात हिरवी होते. एक करा: झोपलेल्या गवताला खत देऊ नका, आणि पाणी देऊन उठवलंत तर मग मध्येच थांबू नका.

गोल, तपकिरी चट्टे पडत असतील आणि पहाटे त्यांच्या कडेला राखाडी जाळीसारखं दिसत असेल, तर ती ब्राउन पॅच नावाची बुरशी. रात्रीचं तापमान २१ अंशांच्या वर आणि हवा दमट असली की फेस्क्यूवर ती येते. संध्याकाळचं पाणी आणि उन्हाळ्यातलं नत्र बंद केलं की बहुतेक घरांत तेवढ्याने भागतं.

गवत किती उंच ठेवायचं?

तीन ते साडेतीन इंच. मशीनचं पातं खाली करून दोन आठवड्यांची निश्चिंती करायचा मोह सगळ्यांना होतो, पण बारीक कापलेलं गवत म्हणजे उथळ मुळं, तापलेली माती आणि तणाला आमंत्रण. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. म्हणजे मेमध्ये आठवड्यातून एकदा तर कापावंच लागेल. पातं वर्षातून एकदा तरी धार लावून घ्या. बोथट पात्याने गवत फाटतं आणि टोकं पांढरी दिसतात. कापलेलं गवत तिथेच पडू द्या, त्यातलं नत्र जमिनीला परत मिळतं.

खताच्या पिशवीवरचे तीन आकडे आणि तो कायदा, काय भानगड आहे?

आकडे आपल्या ओळखीचेच: नत्र, स्फुरद, पालाश. कायदा मात्र समजून घ्या. गवतावरचं जादा खत पावसाबरोबर वाहून ओढ्यांत आणि बार्नेगॅट बेसारख्या खाडीत जातं, तिथे शेवाळ माजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो. म्हणून न्यू जर्सीने २०११ मध्ये कायदा केला. घरमालकाने १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत टाकायचं नाही. स्फुरद फक्त माती परीक्षणात कमी निघालं तर, किंवा नवीन पेरणी-डागडुजीसाठी. एका वेळी १,००० चौरस फुटांना ०.९ पौंडांपेक्षा जास्त नत्र नाही. गोठलेल्या जमिनीवर किंवा जोराच्या पावसाच्या तोंडावर टाकायचं नाही.

हिशोब सोपा आहे. पिशवीवर ३०-०-५ असेल, तर त्यात नत्र ३० टक्के. म्हणजे १,००० चौरस फुटांना ३ पौंड खत टाकलं की ०.९ पौंड नत्र झालं. ड्राइव्हवेवर पडलेले दाणे झाडून परत गवतात टाका, नाहीतर ते थेट गटारात जातात.

वर्षात दोन मात्रा पुरतात: एक गणपतीच्या सुमारास, दुसरी दसरा-दिवाळीच्या दरम्यान. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर आकाशकंदील लावायच्या आधीच ते काम उरका. वसंतात हिरवंगार करायच्या घाईने दिलेलं भरपूर नत्र जूनमध्ये रोगाच्या रूपाने परत येतं.

तणाचं काय करायचं?

क्रॅबग्रास हा मुख्य त्रास. ऑगस्टमध्ये आपली माणसं त्यालाच हरळी समजतात, कारण तुरे सारखे बोटांसारखे फाकलेले असतात. फरक असा की क्रॅबग्रास एका वर्षाचं, जमिनीखाली धावणारी मुळं नाहीत, पहिल्या गोठणाऱ्या रात्री मरतं. मागे हजारो बिया ठेवून जातं. जमीन १३ अंश सेल्सिअसला पोचली की ते उगवू लागतं. थर्मामीटर नसेल तर कुंपणातल्या फॉर्सिथियाकडे बघा. पानं यायच्या आधी ते झुडूप पिवळ्या फुलांनी भरून जातं, साधारण गुढीपाडव्याच्या मागेपुढे. उगवण रोखणारं औषध तेव्हाच टाकायचं. त्याच महिन्यात गवत पेरायचं असेल तर ते टाकू नका, बहुतेक औषधांनी तुमचंही बी उगवत नाही.

लव्हाळा इथेही आहे, पिवळसर जातीचा. ओढलात तर वरचं पान हातात येतं आणि खालच्या गाठी राहतात, गावाकडच्यासारखंच. बहुधा तिथे पाणी साचतं, ते आधी बघा.

पांढऱ्या फुलांच्या क्लोव्हरला मात्र मी हात लावत नाही. ते हवेतलं नत्र जमिनीत आणतं, मधमाश्यांना खाऊ मिळतो. १९४० च्या दशकात २,४-डी हे तणनाशक येण्याआधी हिरवळीच्या बियाण्यात ते मुद्दाम मिसळत.

गवत सतरंजीसारखं उचलून हातात आलं! खाली पांढऱ्या अळ्या आहेत.

ही हुमणी. आपल्याकडे ऊस-भुईमुगाची मुळं खाणारी वेगळ्या जातीची, इथली बहुधा जपानी भुंग्याची. हा भुंगा अमेरिकेत सगळ्यांत आधी सापडला तो न्यू जर्सीतच, १९१६ मध्ये रिव्हर्टनजवळच्या एका रोपवाटिकेत. मी पहिल्यांदा गवताचा तो तुकडा उलटा केला तेव्हा खाली इंग्रजी ‘सी’सारख्या वाकलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या होत्या, आणि मला वडील आठवले. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी ते बांधावरची बाभूळ हलवून भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे.

इथेही तत्त्व तेच, वेळ साधणं. भुंगे जून-जुलैत निघतात, गवतात अंडी घालतात, अळ्या ऑगस्ट ते ऑक्टोबर मुळं खातात. सप्टेंबरात फूटभर चौकोन तीन बाजूंनी कापून उलटा. दोन-चार अळ्या सशक्त गवत सोसतं. दहाच्या आसपास असतील तर उपाय हवा. क्लोरँट्रानिलिप्रोल हे कीटकनाशक सावकाश काम करतं, म्हणून ते मे महिन्यात टाकतात. गुलाबावर बसलेले हिरवे-तांबूस भुंगे सकाळी सुस्त असतात. साबणाच्या पाण्याची वाटी खाली धरून झटकले की झालं.

मेपलच्या झाडाखाली काहीच उगवत नाही.

तिथे फाइन फेस्क्यू लावून बघा, ते सावली सोसतं. तेही येत नसेल तर गवताचा हट्ट सोडा आणि लाकडाच्या तुकड्यांचं आच्छादन घाला किंवा हॉस्टाची झाडं लावा. मेपलची मुळं वरच असतात, पाण्याच्या लढाईत गवत हरणारच.

ऑक्टोबरात पडणारी पानं?

थर पातळ असेल तर मशीन वरून फिरवून चुरा करा, तो जमिनीत जिरतो. जाड थर राहिला तर खाली गवत कुजतं. नवीन पेरणीवरची पानं आठवड्याला काढा, हलक्या हाताने.

हिवाळ्यात काय?

जमिनीतलं स्प्रिंकलर असेल तर पाइपांतलं पाणी गोठण्याआधी हवेच्या दाबाने काढून घ्या. गोठलेल्या गवतावरून चालू नका, पाती मोडतात आणि पावलांचे ठसे वसंतापर्यंत राहतात. मीठ मारलेला बर्फ फावड्याने गवतावर ढकलू नका. बाकी विश्रांती.

आई-बाबा उन्हाळ्यात येतात, त्यांना अनवाणी गवतावर चालायला आवडतं. चालेल?

औषध टाकल्यानंतर लेबलवर सांगितलेला वेळ जाऊ द्या, मग जरूर चालू द्या. काळजी घ्यायची ती कडेच्या उंच गवताची आणि झाडीची. तिथे हरणांवरची गोचीड असते आणि तिच्यामुळे लाइम रोग होतो. ती खसखशीएवढी असू शकते. घरात आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला बघा. चिकटली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. नंतर गोल लाल चट्टा किंवा ताप आला तर लगेच डॉक्टर.

आम्ही डॅलसला आहोत. हे सगळं चालेल का?

जवळजवळ उलटं करा. तिथे बर्म्युडा किंवा सेंट ऑगस्टीन, म्हणजे वाढ उन्हाळ्यात आणि झोप हिवाळ्यात. लागवड वसंताच्या शेवटी. तिथली काळी चिकण माती मात्र तुम्हाला घरची वाटेल. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीसारखीच ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. चुना तिला सहसा लागत नाही.

मग न्यू जर्सीत गणपतीला दूर्वा कुठून आणायच्या?

कुंडीत लावा. भारतातून जुडी आणू नका, परवान्याशिवाय माती किंवा मातीसकट रोप आणता येत नाही. बर्म्युडा ग्रासचं बी इथे विकत मिळतं, नाहीतर ओळखीच्या कुणाकडून चार-पाच पेरांची कांडी घ्या. रुंद, उथळ कुंडी, वाळूमिश्रित माती, घरातली सगळ्यांत उन्हाची जागा. रेतीत खोचलेली कांडी जूनमध्ये दहा-बारा दिवसांत फुटते. जुलैत एकदा कापा, म्हणजे तीन पानांचे कोवळे कोंब भरपूर येतात. कुंडी हिरवळीपासून दूर, फरशीवर ठेवा. तिच्या धावत्या कांड्यांना खाली उतरून गवतात शिरायला वेळ लागत नाही. ऑक्टोबरअखेर ती आत, दक्षिणेच्या खिडकीत घ्या. माझी कुंडी सहा वर्षांची आहे. चतुर्थीच्या सकाळी शेजारची मुलं वाटी घेऊन येतात आणि एकवीस मोजून नेतात.